माळ्यावरच्या ‘शिडी’चे काय करावे?

दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरून काय काय खाली येते! एक कान तुटलेला पितळी हंडा, पाळण्याच्या कड्या, कोणाच्या तरी दहावीच्या वह्या, आणि जपून ठेवलेल्या पण पुन्हा कधी न उघडलेल्या लग्नपत्रिका. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या सामानात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कागदी पाकिटांत घातलेल्या गोल चकचकीत तबकड्या. घरातली तरुण मंडळी म्हणतात, ‘आता या कशाला? टाकून द्या.’ पोरे त्या बोटावर फिरवून बघतात. आणि ज्वारी हुरड्याला आली की त्यांतल्या काही दोरीला टांगून शेतात पाखरे हाकलायच्या कामी लागतात. उन्हात त्या छान चमकतात, पाखरेही दोन दिवस बिचकतात. पण त्या दोरीवर कोणाचे लग्न लटकते आहे, हे पाखरांना ठाऊक नसते आणि पुष्कळदा टांगणाऱ्यालाही नसते!

आमच्या मराठवाड्यात या तबकडीला ‘शिडी’ म्हणतात. इंग्रजीत ती ‘सीडी’ असेल, पण खेड्यात तिची शिडी झाली ती कायमची. ‘लग्नाची शिडी आली का?’ हा प्रश्न एके काळी लग्नानंतर महिनाभर पाहुण्यांच्या तोंडी असे. शिडी लावून माळ्यावर चढायचे आणि शिडीच काढून आणायची, अशी ही गंमत आहे.

या लेखापुरते आपण पुसेगावला जाऊ. साताऱ्याकडचे सेवागिरी महाराजांचे पुसेगाव वेगळे. हे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. पूर्वी हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा जन्माला आला तेच दिवस शिडीच्या भरभराटीचे. त्याआधीची लग्ने व्हिडिओ कॅसेटवर आहेत, त्यानंतरची मोबाइलवर. मधल्या दहा-बारा वर्षांतली लग्ने, बारशी, गावचे सप्ते, कीर्तने आणि शाळेची स्नेहसंमेलने या तबकड्यांवर आहेत, आणि बहुधा दुसरीकडे कोठेही नाहीत.

धरून चला की पुसेगावात असे एक घर आहे. घरातल्या थोरल्या मुलाचे लग्न २००२ साली झाले. त्याच्या तीन शिड्या आहेत. पहिलीत हळद, दुसरीत लग्न, तिसरीत वरात आणि पूजा. त्या हळदीत आजी जात्यावर बसली आहे, ओवी म्हणते आहे, आणि मध्येच कॅमेऱ्याकडे बघून पदर सावरते आहे. आजी २००६ साली गेली. तिचा फोटो म्हणून घरात जो आहे तो मतदार ओळखपत्रावरचा, त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. तिचा आवाज मात्र जगात एकाच ठिकाणी आहे, त्या पहिल्या शिडीवर. आता सांगा, पाखरांच्या दोरीला ही बांधावी काय?

घरातला धाकटा मुलगा शहाणा. तो ती तबकडी घेऊन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी एखाद्या दुकानात जातो आणि म्हणतो, ‘याची डीव्हीडी करून द्या.’ दुकानदारही सरळ माणूस असतो. संगणकात तबकडी घालतो, एका तयार प्रोग्रॅमचे बटण दाबतो, दोन-तीन तासांनी नवी तबकडी हातात ठेवतो. घरी येऊन लावावी, तर आजीचा चेहरा पूर्वीपेक्षा धूसर! हळदीच्या पिवळ्या रंगात चौकोन-चौकोन पडलेले, ओठ हलतात एकीकडे आणि ओवी ऐकू येते दुसरीकडे. मुलगा म्हणतो, ‘मूळच खराब असेल.’ मूळ खराब नव्हते. दुकानातल्या यंत्राने चांगले दाणे पुन्हा जात्यात घातले.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. कारण एकदा ते कळले की पुढचे सगळे काम अर्ध्या तासाचे आहे.

या तबकडीचे पूर्ण नाव व्हिडिओ सीडी. १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी तिचे नियम ठरवले. गाण्यांची सीडी त्याआधीच, १९८२ सालापासून बाजारात होती. प्रश्न असा होता की, ज्या तबकडीवर तासभर गाणे मावते तिच्यावरच तासभर सिनेमा कसा मावावा? चित्र हा फार खादाड प्राणी आहे. व्हिडिओ सीडीचे चित्र ३५२ ठिपके रुंद आणि २८८ ठिपके उंच. म्हणजे जुन्या टीव्हीच्या चित्राच्या साधारण पाव. अशी चित्रे सेकंदाला २५. ती जशीच्या तशी लिहायची म्हटले तर दर सेकंदाला ३८ लाख बाइट लागतात, आणि तबकडी तर सेकंदाला पावणेदोन लाखांहून अधिक द्यायला तयार नाही. तेव्हा चित्र दाबले पाहिजे. थोडेथोडके नव्हे, सव्वीस पट दाबले पाहिजे.

हे दाबण्याचे शास्त्र बसवण्यासाठी १९८८ साली जगभरच्या तंत्रज्ञांची एक मंडळी जमली. लिओनार्दो किआरील्योने नावाचे इटालियन गृहस्थ तिचे प्रमुख. तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘एमपेग’. या मंडळीने काढलेली पहिली रीत ती एमपेग-१, आणि आपल्या शिडीवर आहे ती हीच. रीत मोठी चतुर आहे. चित्राचे सोळा-सोळा ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. ३५२ गुणिले २८८ च्या चित्रात ते ३९६ होतात. पहिले चित्र पूर्ण लिहायचे. दुसऱ्या चित्रात काय बदलले तेवढेच टिपायचे. मांडव तोच, भिंत तीच, आजी तीच. फक्त जात्यावरचा हात अंगुळभर पुढे गेला. मग ‘हा चौकोन एवढा सरकला’ असे लिहिले की भागले. अशी दहा-पंधरा चित्रे झाली की पुन्हा एक पूर्ण चित्र. शिवाय प्रत्येक चौकोनातले जे बारकावे डोळ्याला सहसा जाणवत नाहीत ते टाकून द्यायचे.

‘टाकून द्यायचे’ हे शब्द ध्यानात ठेवा. टाकलेले परत येत नाही.

आता दुकानातले यंत्र काय करते? ते ही दाबलेली चित्रे पुन्हा उलगडते, फुगवून टीव्हीभर करते, आणि मग ती नव्या रीतीने, एमपेग-२ ने, पुन्हा दाबते. पहिल्या दाबण्यात जे चौकोन पडले होते, ते आता यंत्राला चित्राचाच भाग वाटतात. आजीच्या गालावरची ती चौकडी म्हणजे जणू तिच्या लुगड्याचीच नक्षी, असे समजून ते तिची इमानेइतबारे नोंद करते आणि त्या भरात खऱ्या सुरकुत्या टाकून देते. चित्र मोठे केले म्हणून नवे काही दिसू लागत नाही. ३५२ बाय २८८ चे ७२० बाय ५७६ केले की ठिपके चौपट होतात. पण मुळात एक असलेल्या ठिपक्याचे चार झाले, एवढेच. पिठात पाणी घातले म्हणून पीठ वाढत नाही. ‘फुल डीव्हीडी क्वालिटी’ ही पाटी वाचून पुष्कळ लोक फसतात ते येथे.

नकलेची नक्कल बिघडते, हे आपल्या लोकांना सांगायला नको. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हातांनी उतरवीत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढे तीनशे वर्षांत तिच्या नकलांवर नकला झाल्या. कोणी ओळ गाळली, कोणी शब्द ‘सुधारला’, कोणी स्वतःची ओवी घुसडली. शेवटी पैठणच्या एकनाथ महाराजांना अनेक प्रती जमवून, ताडून, शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, आणि पुन्हा कोणी पाठात हात घालू नये म्हणून त्यांनी शेवटी सज्जड ताकीदही लिहून ठेवली. नाथांचे काम कठीण होते, कारण लेखणीने उतरवलेली कोणतीही नक्कल मुळाशी अक्षरशः तंतोतंत असेल याची खात्री नसते. व्हिडिओ कॅसेटचेही तसेच. लग्नाच्या कॅसेटवरून मामाला एक, आत्याला एक अशा कॅसेटी काढल्या आणि आत्याच्या कॅसेटवरून तिच्या नणंदेला आणखी एक काढली, की नणंदेच्या कॅसेटमध्ये नवरा कोणता आणि करवला कोणता हे विचारावे लागे.

शिडीचे तसे नाही. तिच्यावर आकडे आहेत. आकड्यांची नक्कल आकडा न बदलता करता येते. शंभरावी प्रत पहिलीसारखीच. बाधा होते ती नकलेने नव्हे, मध्येच कोणी आकडे मोडून नवे केले म्हणजे. दुकानदाराला तेवढे सांगायचे असते: पोते बदला, दाणे दळू नका.

पोते म्हणजे काय, ते पाहू. डीव्हीडी आली १९९६ च्या अखेरीस, आधी जपानात. तिच्या नियमांचे पुस्तक लिहिणाऱ्यांनी एक मोठेपणा दाखवला. तिची मुख्य रीत एमपेग-२ असली तरी त्यांनी एमपेग-१ लाही दार उघडे ठेवले. ३५२ बाय २८८ चे चित्र, सेकंदाला २५ चित्रे, वेग सेकंदाला १,८५६ किलोबिटांपर्यंत, असे असेल तर डीव्हीडी ते पाव्हणे घरात घेते. आणि व्हिडिओ सीडीच्या चित्राचा वेग किती? १,१५०. म्हणजे आपल्या शिडीवरचे चित्र, यत्किंचितही न बदलता, डीव्हीडीवर कायदेशीरपणे राहू शकते. ही गोष्ट पुष्कळ दुकानदारांना माहीत नसते. त्यांच्या प्रोग्रॅमलाही सांगितल्याखेरीज ती आठवत नाही.

फरक आहे तो बांधणीत. शिडीवर चित्र आणि आवाज २,३२४ बाइटांच्या पुडक्यांत बांधलेले असतात. डीव्हीडीला पुडके हवे २,०४८ चे, आणि दर अर्ध्या-एक सेकंदाला एक सुकाणू-पुडके, ज्यात पुढे-मागे जाण्याच्या खुणा असतात. तेव्हा जुनी पुडकी सोडायची, आतला माल न उलगडता नव्या पुडक्यांत भरायचा, खुणा घालायच्या. मोंढ्यात एका बारदानातली हळद दुसऱ्यात ओततात तसेच. हळदीला कोणी हात लावत नाही.

पण आवाजाचे काय? येथे मात्र एक अडचण आहे, आणि तिच्यामागची कथा मोठी मौजेची आहे.

शिडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. डीव्हीडीला हवा ४८,०००. हा ४४,१०० असा अडनिडा आकडा आला कोठून? सत्तरीच्या दशकात आवाजाचे आकडे साठवायला वेगळे यंत्र नव्हते, म्हणून तंत्रज्ञांनी टीव्हीच्या व्हिडिओ टेपवरच ते लिहायला सुरुवात केली. चित्राच्या ओळींत चित्राऐवजी आवाजाचे ठिपके. युरोपी आणि आपल्याकडच्या पद्धतीत दर सेकंदाला ५० अर्धचित्रे, प्रत्येकात कामाच्या २९४ ओळी, दर ओळीत तीन मोजण्या. गुणाकार करा, ४४,१०० येतात. अमेरिकी पद्धतीत ६० अर्धचित्रे आणि २४५ ओळी. गुणाकार पुन्हा तोच! दोन्हीकडे जमणारा आकडा म्हणून तो गाण्याच्या सीडीने उचलला, आणि तिच्याकडून व्हिडिओ सीडीने. म्हणजे आवाजाचा हा आकडा मुळात चित्राच्या घरचा. नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या व्यावसायिक जगाने पुढे ४८,००० हा गोल आकडा धरला आणि डीव्हीडीही त्यांच्याच पंक्तीला जेवायला बसली.

तेव्हा आवाज तेवढा बदलावाच लागतो. दर १४७ मोजण्यांच्या जागी १६० बसवायच्या, असे ते गणित आहे. चांगला प्रोग्रॅम हे इतके सफाईने करतो की कानाला फरक कळत नाही. आवाज नंतर पुन्हा दाबायचा की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे. पुन्हा दाबला तर जागा कमी लागते, आणि एका ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर सातेक तास मावतात. आपल्या धरून चाललेल्या घराच्या तिन्ही शिड्या मावून वर बहिणीचे लग्न आणि गावचा सप्ताहही. न दाबता मोकळा ठेवला, तर साडेतीन तासांच्या आसपास. माझे मत विचाराल तर, ज्या तबकडीत आजीची ओवी आहे तिचा आवाज मोकळा ठेवावा. वरातीच्या बँडवाल्यांचा दाबला तरी चालेल; त्यांनी आपल्याला पुष्कळ दाबले आहे.

आता प्रत्यक्ष काम. त्याची पहिली पायरीच सर्वांत अवघड असते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

तबकडी संगणकात घातली की तिच्यात ‘एमपेगएव्ही’ नावाचा कप्पा दिसतो, आणि त्यात ‘एव्हीसेक०१’ अशा नावाची फाइल. तिचे आडनाव ‘डॅट’. पुष्कळ लोक तिचे नुसते आडनाव बदलून ‘एमपीजी’ करतात. ती संगणकावर दिसतेही. पण आत जुन्या पुडक्यांचे वेष्टण तसेच राहते, आणि डीव्हीडी बनवणारा प्रोग्रॅम त्यावर अडखळतो. वेष्टण काढून देणारे मोफत प्रोग्रॅम आहेत. व्हीसीडीगिअर आणि व्हीसीडीइमेजर ही त्यांतली जुनी नावे. ते चित्राला धक्का लावत नाहीत.

पण फाइल तबकडीवरून नीट उतरली तर! येथे शिडीच्या एका जुन्या काटकसरीची किंमत आपण मोजतो. ७४ मिनिटांच्या साध्या सीडीवर ६५० एमबी माहिती मावते, असे आपण ऐकतो. मग त्याच मापाच्या व्हिडिओ सीडीवरून ७४० एमबीच्या घरातली फाइल कशी निघते? त्याचे असे आहे की, साध्या माहितीच्या सीडीवर दर पुडक्यात २,०४८ बाइट मजकूर असतो आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करण्याची जादा तजवीज. व्हिडिओ सीडी करणाऱ्यांनी ती जादा तजवीज काढून तेथेही चित्र भरले. एखादा बाइट चुकला तर एक चौकोन क्षणभर चमकेल, कोणाचे काय बिघडले, असा त्यांचा हिशेब. नव्या तबकडीपुरता तो बरोबर होता. वीस उन्हाळे पत्र्याखालच्या माळ्यावर काढलेल्या तबकडीला तो महागात पडतो. ओरखडा आला की संगणक ‘वाचता येत नाही’ म्हणून सारी फाइलच सोडून देतो.

अशा वेळी घाई करू नये. तबकडी मऊ सुती कापडाने पुसावी. गोल गोल नव्हे, मधून कडेकडे सरळ. साबण, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही लावू नये. मग एका यंत्रात वाचली नाही तर दुसऱ्यात पाहावी. एका यंत्राला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते, हा अनुभव नेहमीचा आहे. वेग कमी करून वाचावी. आणि उतरली तरी दोनदा उतरवून दोन्ही फाइली ताडून पाहाव्यात. अगदी जुळल्या तर निर्धास्त व्हावे. न जुळल्या तर तिसऱ्यांदा वाचावी. नाथांनी प्रती ताडल्या, तेच काम. आपल्याला फक्त ते संगणक पाच मिनिटांत करून देतो.

आणखी एक सांगतो. घरी लिहिलेल्या तबकडीची खालची, चकचकीत बाजू आपण जपतो. वरच्या बाजूवर मात्र बॉलपेनने ‘लग्न भाग १’ असे दाबून कोरतो. खरा धोका वर आहे. चकाकणारा मुलामा वरच्या पातळ रोगणाखालीच असतो. खालच्या ओरखड्यावर इलाज असतो, कारण तेथे मिलिमीटरभर जाड प्लॅस्टिकचे कवच आहे. वरचा मुलामा गेला की तेथली आजी गेली. चिकटवलेले लेबल सोलून काढायला जाऊ नये. बरोबर मुलामाही निघतो.

फाइल हाती आली की उरलेले काम सोपे. एफएफएमपेग नावाचे एक मोफत साधन आहे. फॅब्रिस बेलार या फ्रेंच तंत्रज्ञाने २००० साली ते सुरू केले, आणि आज जगातल्या चित्रफितींच्या कामात ते सगळीकडे वापरले जाते. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: चित्र ‘कॉपी’, आवाज ४८,०००. ‘कॉपी’ हा शब्द येथे लाखमोलाचा आहे. तो घातला नाही तर तेही साधन निमूटपणे दळायला बसते. त्यानंतर डीव्हीडीऑथरसारखा प्रोग्रॅम डीव्हीडीला हवे ते कप्पे मांडून देतो, आणि ते तबकडीवर लिहायचे. तीन शिड्यांच्या तीन फाइली एकमेकींना शिवून एक करण्याच्या भरीला पडू नये. प्रत्येकीचे घड्याळ शून्यापासून सुरू होते आणि शिवणीपाशी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. तीन वेगळी प्रकरणे ठेवावीत, डीव्हीडी ती एकामागून एक दाखवते.

हे तुम्हाला स्वतः जमणार नसेल आणि दुकानात द्यायचे असेल, तर दुकानदाराने दळले की ओतले हे ओळखायला दोन साधने पुरतात: घड्याळ आणि वजनकाटा. एका तासाच्या शिडीचे पोते बदलायला काही मिनिटे लागतात. संगणक तासन्‌तास घुर्रघुर्र करीत बसला तर समजावे, जाते सुरू आहे. दुसरे, तासभराच्या शिडीचा माल साधारण ६०० एमबीचा असतो. आवाज दाबलेला असेल तर डीव्हीडीवरही तो तेवढाच, किंचित जास्त, भरायला हवा. मोकळा ठेवला तर बारा-तेराशे. तासाला दोन हजारांवर गेला, तर वजन वाढले आहे ते पाण्याने.

सगळ्याच शिड्यांना हा उपाय लागू पडत नाही. ‘सुपर व्हिडिओ सीडी’ म्हणून एक प्रकार निघाला होता. त्याचे चित्र ४८० बाय ५७६ चे, आणि त्या मापाला डीव्हीडीच्या पुस्तकात जागा नाही. अमेरिकेत केलेल्या तबकड्या वेगळ्या पद्धतीच्या, त्यांच्या चित्राची उंची २८८ ऐवजी २४०. त्या आपल्या तबकड्यांबरोबर एकाच डीव्हीडीत कोंबू नयेत, त्यांची वेगळी करावी. काही तबकड्यांवर तर व्हिडिओ सीडी नव्हेच, संगणकाच्या साध्या फाइली असतात. त्यांच्या बाबतीत निराळा विचार. आणि बाजारात विकत मिळालेल्या सिनेमांच्या शिड्यांवर हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने त्या अठ्ठावीस रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा घरोघरी ढीग झाले; पण ते सिनेमे दुसरीकडे याहून चांगले मिळतात. तुमच्या आजीची ओवी मिळत नाही.

आता कोणी विचारील, आजच्या दिवसांत डीव्हीडी तरी कशाला? नव्या संगणकांना तबकडीची खाचच नसते. मोबाइलवर टाकावे, झाले! प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, दोन्ही करावे. पण मोबाइलवरून व्हॉट्सॲपवर पाठवलेली ती प्रत म्हणजे जतन नव्हे. ते पाठवतानाच चित्र पुन्हा दाबते. पाहुण्यांना दाखवायला ते ठीक. त्यालाच मूळ समजून तबकडी फेकू नये. तबकडीवरून उतरवलेली, वेष्टण काढलेली, न दळलेली फाइल ही खरी मूळ प्रत. ती पेन ड्राइव्हवर एक, हार्ड डिस्कवर एक, आणि पुण्या-मुंबईच्या मुलाकडे एक अशी ठेवावी. डीव्हीडी ही वापरायची प्रत. ज्या घरात आजोबांना मोबाइलवरची खिडकी डोळ्यांना पुरत नाही, पण टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर अजून आहे आणि त्याचे एक बटण त्यांना पाठ आहे, त्या घरात तिचे मोल आहे. शिवाय डीव्हीडीचा मुलामा दोन कवचांच्या मध्ये असतो. बॉलपेनच्या हल्ल्यातून ती शिडीपेक्षा बरी निभावते. अमर मात्र तीही नाही. लिहायची डीव्हीडी रासायनिक रंगावर लिहिली जाते, आणि ऊन तिलाही खाते. माळ्यावर नको, कपाटात उभी ठेवा.

एक काम संगणकाला करता येत नाही, ते दिवाळीला सारी मंडळी घरी आली की उरकून घ्यावे. नवी डीव्हीडी लावावी आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला टीव्हीसमोर बसवावे. मांडवात फेटा बांधणारे ते कोण, जात्यावर आजीच्या समोर बसून खुंटा धरलेली ती बाई कोणाच्या घरची, अक्षता टाकताना मागे उभा असलेला उंच मुलगा कोणाचा, आणि तिने म्हटलेली ओवी कोणत्या गावाकडची, हे सारे त्यांना विचारीत जावे. कोणत्या मिनिटाला कोण दिसते ते वहीत लिहावे. आजोबा वाटेत थांबतील, दोन नावांवरून आत्याशी वाद घालतील, तेही लिहावे. ते पान दुमडून, वर पेन्सिलीने साल घालून, तबकडीच्या पाकिटात ठेवावे.